मत्स्यसमाज आणि तळमजल्याचे घर

फलकावर छापले होते, ‘मच्छीमार समाजाची जडणघडण’. मी कळवलेले शीर्षक होते, ‘प्रवाळावरील मत्स्यसमाजाची जडणघडण’. प्रवाळ गळाले होते, माशांच्या जागी मच्छीमार आले होते, आणि माझ्या नावाखाली ‘समाजाच्या गाढ्या अभ्यासक’ असे बिरूद चिकटले होते. सभागृहाच्या दाराशी संयोजक हार घेऊन उभे होते. मी फलकाकडे बोट दाखवले.

“हो, ते दुरुस्त केलं,” ते म्हणाले. “मत्स्यसमाज असा काही समाजच नाही ना मॅडम. छापणाऱ्याचाही फोन आला होता, की काहीतरी चुकलंय म्हणून.”

“चुकलेलं नव्हतं. माशांचाच समाज.”

“माशांत कुठून आला समाज?” असे म्हणून ते हसले आणि हार घेऊन अध्यक्षांच्या गाडीकडे गेले.

हा शब्द मी विचार करून निवडला होता. एका खडकावर राहणाऱ्या सगळ्या जातींच्या माशांना मिळून इंग्रजीत ‘कम्युनिटी’ म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला ‘समुदाय’ म्हटलेले असते. पण समुदाय म्हणजे नुसती गर्दी. बसस्थानकावरही समुदाय असतो. मला सांगायचे होते ते वेगळे होते: कोण कोणाशेजारी राहते, कोण कोणाला हुसकावते, कोणामुळे कोणाला जगता येते. या सगळ्याला मराठीत समाजच म्हणतात, किंवा म्हणायला हवे. आमच्या शहरात मात्र या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. ‘जात’ म्हणणे असभ्य वाटू लागले, तेव्हा लोकांनी प्रश्न सोडला नाही, फक्त शब्द बदलला. एक चांगला, रुंद शब्द त्यांनी अरुंद करून टाकला आणि आता तो माशांना लावला की त्यांना हसू येते.

त्या दिवसांत हा शब्द माझ्या कानांवर फार पडत होता, कारण मी घर शोधत होते.

घर आईसाठी हवे होते. नाशिकला सातपूरच्या आमच्या वसाहतीतली इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईने सारी नोकरी पेठ या तालुक्याच्या गावी एका सरकारी कचेरीत केली. रोज सकाळची एसटी, सावळघाट, बहुधा उभ्यानेच. संध्याकाळी तोच घाट ओलांडून परत. वडील गेल्यानंतरही तिने एक दिवस कुरकुर केली नाही. निवृत्त झाली आणि तिचे दोन्ही गुडघे संपावर गेले. हाडांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण अट घातली: आधी तळमजल्यावर घर घ्या, नाहीतर लिफ्ट असलेले घ्या. शस्त्रक्रियेनंतर रोज बाहेर चालावे लागते. तिसऱ्या मजल्यावर कोंडून बसल्या तर नवा गुडघाही जुन्यासारखाच आखडेल. म्हणजे घर मिळाल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, आणि शस्त्रक्रियेशिवाय आईचे जग म्हणजे गॅलरीचा कठडा. ती खाली उतरे ती दवाखान्यापुरती, आणि परत चढताना प्रत्येक पायरीवर थांबून म्हणे, “घाट बरा होता. तिथं निदान गाडी चढायची.”

मी महाविद्यालयात नुकतीच शिकवायला लागले होते. गंगापूर रोडच्या बाजूला घर मिळाले तर मला दुपारच्या सुटीतही येऊन आईला फिरवता आले असते. भाडे आम्हाला परवडणारे होते. घरेही रिकामी होती. एवढ्या माहितीवर कोणीही म्हणेल की प्रश्न सुटला.

पहिल्या दलालाने विचारले, “मॅडम, करता काय आपण?”

“माशांवर संशोधन.”

“मग घरात मासे आणणार?”

“नाही. मासे समुद्रात राहतात. मी तिकडे जाते.”

“नाही, म्हणजे... खाण्याचे.”

“ते आणणार. सगळे आणतात तसे.”

“सगळे नाही आणत,” तो जरा दुखावून म्हणाला.

आमचे आडनाव गावावरून पडलेले आहे. तशी आडनावे महाराष्ट्रात कोणाचीही असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येत नाही आणि तो अस्वस्थ होतो. मग चाचपणी सुरू होते. मूळचे कुठले? सटाण्याकडचे. अच्छा, बागलाण. मग पाहुणे कुठले तुमचे? सोयरीक कुठे-कुठे? कोणी विचारले, गावी जमीन आहे का, कोणत्या शिवारात? कोणी विचारले, लग्न कोणत्या पद्धतीने लावतात? मी नमुने घेण्याच्या पद्धती शिकवते. या लोकांइतकी कसून नमुने घेणारी माणसे मला प्रयोगशाळेत मिळालेली नाहीत. मी प्रत्येकाला थेट उत्तर देत असे: आम्ही बौद्ध. त्यानंतर घर एकतर आधीच दिलेले निघे किंवा मालकांचा मुलगा परदेशातून परत येत असे. त्या महिन्यांत नाशिकमध्ये परदेशातून किती मुलगे परतायचे होते, याचे मला आजही नवल वाटते.

अशा मनःस्थितीत मी व्याख्यानाला उभी राहिले. पुढच्या रांगेत गंगापूर धरणावर मासेमारी करणारे दोघे बसले होते. फलक वाचून आले होते. मी आधी त्यांची क्षमा मागितली आणि सांगितले, की आज तुमच्याविषयी नाही, माशांविषयी बोलणार आहे. त्यांच्यातला थोरला म्हणाला, “बोला ना ताई. आमच्याबद्दल येऊन बोलणारे लय झाले. माशांच्या बाजूनं कोणी बोलत नाय.” सभागृह हसले. ते दोघे शेवटपर्यंत बसले.

मी जे सांगितले ते थोडक्यात असे. लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात प्रवाळाचा एखादा मोठा खडक घ्या. त्याच्या फटीत, फांद्यांत, कपारीत शंभर तऱ्हांचे मासे राहतात. शेजारच्या तशाच दिसणाऱ्या खडकावर वेगळेच मिश्रण असते. का? यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. एका बाजूचे म्हणणे, की प्रत्येक माशाची जागा ठरलेली आहे: त्याचे अन्न, त्याचा आकार, त्याची कपार. जो तो आपल्या जागी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की ही घरांच्या सोडतीसारखी गोष्ट आहे. या माशांची पिल्ले जन्मतात आणि प्रवाहाबरोबर खुल्या समुद्रात वाहून जातात. नखाएवढी, काचेसारखी पारदर्शक. काही फिरून जन्माच्या खडकाकडे येतात, पुष्कळ येत नाहीत. खडकांचा आवाज आणि वास ओळखत ती किनाऱ्याकडे येतात आणि जिथे जागा रिकामी सापडेल तिथे शिरतात. बाप कोणत्या खडकावर राहत होता, याला तिथे काही किंमत नाही. जागा मोकळी होती आणि पिल्लू वेळेत पोहोचले, इतकेच.

खरे काय ते दोन्हींच्या मध्ये आहे, आणि तेच माझ्या अभ्यासाचा विषय होते. पोहोचणे हे सोडतीसारखे आहे, पण पोहोचलेला टिकेल की नाही हे खडकाची घडण ठरवते, शिकारी ठरवतात, आणि आधी येऊन बसलेले ठरवतात. तळहातात मावेल एवढा एक करडा मासा असतो. मराठीत त्याला नाव नाही. मी त्याला राखणदार म्हणते. तो खडकाच्या एका तुकड्यावर शेवाळाची बाग राखतो, नको ते शेवाळ तोंडाने उपटून टाकतो आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या माशांच्या अंगावर धावून जातो. पाण्यात पोहताना मी लावते त्या मुखवट्याच्या काचेवरही आदळला आहे. तो असतो तिथे शेवाळ खाणारे दुसरे लहान मासे दिसत नाहीत. ते बाजूच्या मेलेल्या प्रवाळाच्या ढिगाऱ्यात दिसतात.

इथे मी थांबले आणि पुढचे वाक्य सावकाश उच्चारले, कारण तेच महत्त्वाचे होते. जो संशोधक नुसता मोजत जाईल तो वहीत लिहील, की या लहान माशांना ढिगारा आवडतो. आम्ही परवानगी घेऊन एका खडकावरचे राखणदार पकडले आणि दूरच्या खडकावर सोडले. थोड्याच दिवसांत ढिगाऱ्यातले मासे जिवंत प्रवाळावर आले. त्यांना ढिगारा कधीच आवडत नव्हता. त्यांना चांगल्या जागेतून हाकलले होते. कोण कुठे राहते एवढे मोजून, तो तिथे का राहतो हे कळत नाही.

अध्यक्ष एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. आयुष्यभर विज्ञान शिकवलेले, पांढरी चुरगळलेली खादी, चांगला खणखणीत आवाज. समारोपात ते म्हणाले, “मॅडमनी आज फार सुंदर दाखवून दिलं, की निसर्गात जो तो आपापल्या जागी शोभतो.”

ध्वनिक्षेपक माझ्यासमोरही होता. मी म्हणाले, “सर, मी याच्या उलट बोलले.”

“तेच ते,” ते प्रेमळपणे म्हणाले. “दोन्ही बाजू तुम्ही मांडल्यात.”

चहाच्या वेळी ते मुद्दाम माझ्याकडे आले. इतकी स्पष्ट मांडणी पुष्कळ दिवसांत ऐकली नाही, असे म्हणाले. मूळ प्रश्न काय, पुरावा कोणता, निष्कर्ष किती ताणायचा, हे त्यांनी खरोखर लक्ष देऊन ऐकले होते; राखणदार नर असतो की मादी, पकडताना जाळी कोणती वापरली, असे नेमके प्रश्न त्यांनी विचारले. बोलता-बोलता घराचा विषय निघाला. आईच्या गुडघ्यांचे ऐकून ते म्हणाले, “अहो, मग शोधता कशाला? आमच्याच इमारतीत खालचा फ्लॅट माझा आहे. रिकामा आहे कधीचा. मागे छोटी बाग आहे. आईंना घेऊन या. मुलीसारख्या आहात तुम्ही.”

मी घरी जाऊन आईला सांगितले. आई म्हणाली, “मासे उपयोगाला आले म्हणायचे शेवटी.” तिने त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून शस्त्रक्रियेच्या तयारीची चौकशी केली. मी तिला थांबवले नाही. विज्ञान शिकलेला माणूस, मुलीसारखी म्हणाला, आणि जागा रिकामी. मी पुराव्यावर विसंबणारी बाई आहे, आणि पुरावा तेव्हा चांगला होता.

घर खरेच चांगले होते. दारापाशी एकच पायरी होती. आई आपल्या पायांनी, माझा हात न धरता आत गेली आणि खोल्याखोल्यांतून फिरली. मागच्या बाजूला कढीपत्ता आणि गवती चहा लावलेला. आई कुंपणापर्यंत जाऊन परत आली, परत गेली. मी मोजत होते ते तिचे पाय दुखतात का हे. ती मोजत होती ते कपड्यांच्या दोरीसाठी किती जागा आहे हे. सरांच्या पत्नी वरून चहा घेऊन आल्या. त्यांच्याशी आईचे लगेच जमले. दोघींच्या गुडघ्यांचे डॉक्टर एकच निघाले.

स्वयंपाकघरालगत भिंतीत फरशी बसवलेला देवघराचा कोनाडा होता. आईने त्यावरून हात फिरवला.

“हे बरं आहे. आमची मूर्ती इथं बरोब्बर मावेल.”

“गणपतीची का?” बाईंनी विचारले.

“नाही, बुद्धाची. मोठी आहे जरा. मुलीनं आणली होती दूरवरून, समुद्राकडून येताना.”

बाईंनी हातातला कप बशीत ठेवला. तो ठेवताना जितका आवाज व्हावा तितकाच झाला. सर खिडकीची कडी लागते का हे पाहत होते. ते वळले आणि अगदी सहज, जसे एखाद्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातली व्याख्या विचारावी तसे म्हणाले, “म्हणजे तुमचा समाज कोणता म्हणायचा?”

उत्तर त्यांना मिळालेले होते. तरीही ते आमच्या तोंडून म्हणवून घ्यायचे होते. मी म्हणाले, “मत्स्यसमाज.” आई माझ्याकडे बघून हसली. दुसरे कोणी हसले नाही. मग आईनेच शांतपणे सांगितले, की आम्ही बौद्ध, वसाहत अमुक, मूळ गाव तमुक, आणि चहा छान झालाय, साखर बेताची आहे.

“वा, वा,” सर म्हणाले. “मी कळवतो तुम्हाला.”

घरी तिसऱ्या मजल्याशी पोहोचल्यावर, कठडा धरून श्वास घेत तिने एवढेच विचारले, “कळवतो म्हणजे नाही ना?”

त्यांनी कळवले मात्र. दुसऱ्या कोणी कळवण्याचीही तसदी घेतली नसती, म्हणून हे श्रेय त्यांना द्यायला हवे. आणि म्हणूनच माझा सगळ्यांत जास्त राग त्यांच्यावर आहे. दलालांवर रागावून काय करायचे? त्यांनी पुराव्याचा अर्थ लावायला कोणाला शिकवलेले नव्हते.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण आईला ऐकायचे होते.

“हे बघा बेटा,” ते म्हणाले, “माझं स्वतःचं काही नाही. मी आयुष्यभर असलं मानलेलं नाही. पण इमारतीतली माणसं जुनी आहेत. उद्या कोणी काही बोललं तर तुमच्या आईंनाच त्रास. आणि तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच व्याख्यानात सांगितलंत, आधीपासून राहणारे ठरवतात नवा कोण टिकणार. निसर्गाचाच नियम आहे हा.”

मला ते वाक्य ऐकून प्रथम काहीच वाटले नाही, इतके ते नीट बसवलेले होते. मग त्याचा अर्थ लागला. भर उन्हात, तोंडात रबरी नळी धरून, खाऱ्या पाण्याने सोललेल्या ओठांनी मी जे वर्षानुवर्षे पाहिले, ते या माणसाने एका वाक्यात घेऊन आपल्या दाराला कुलपासारखे लावले होते. 

“सर,” मी म्हणाले, “राखणदार मासा शेवाळ खाणाऱ्यांना हाकलतो, कारण ते त्याचं अन्न खातात. तुमचं आम्ही काय खाणार आहोत? आणि तो कोणाला आजोबांचं गाव विचारत नाही. तो स्वतः हाकलतो, आणि इमारतीतले हाकलतात असं सांगत नाही.”

“तुम्ही रागावलात.”

“हो.”

“रागावू नका. मार्ग आहे ना,” ते म्हणाले, आणि मार्ग सांगू लागले. दारावर आडनावाची पाटी नको, नुसते ‘डॉक्टर’ असे लिहावे. विद्वत्तेला सगळे मान देतात. मूर्ती आतल्या खोलीत ठेवावी, ती श्रद्धेची गोष्ट, दाखवायची कशाला? आणि सुकट-बोंबील तेवढे टाळावे. एवढे केले तर ते इमारतीतल्यांना सांभाळून घेतील. त्यांना हे सांगताना संकोच वाटत नव्हता. आपण एक अवघड गणित कोणाला न दुखावता सोडवून दिले आहे, असा त्यांचा सूर होता.

मी आईकडे पाहिले. घर तिचे होणार होते, गुडघे तिचे होते, म्हणून उत्तरही तिचेच असायला हवे होते. ती हो म्हणाली असती तर मी पाटी रंगवून घेतली असती, हे मला ठाऊक होते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. आईने फोन हातात घेतला.

“सर, नमस्कार,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या त्रासाचा विचार केलात, बरं वाटलं. पण माझा गुडघा वाकत नाही म्हणून मी खालचं घर बघतेय. तुम्ही सांगताय त्या घरात मला दुसरंच काहीतरी वाकवत बसावं लागेल. त्याच्यावर आमच्या डॉक्टरांकडे इलाज नाही. वहिनींना सांगा, चहाची पत्ती कुठली वापरतात ते विचारायचं राहिलं.”

फोन ठेवून ती गॅलरीत गेली. शस्त्रक्रिया पुन्हा पुढे गेली. 

मी आणखी काही घरे पाहिली. त्यांची वर्णने करत नाही. ती सगळी एकाच जातीची होती. शेवटी घर मिळाले ते आमच्याच जिन्याच्या पायथ्याशी. तळमजल्यावर राहणाऱ्या मावशी आईची विचारपूस करायला वर आल्या होत्या. आईने फोनवरचा सगळा संवाद त्यांना आवाज काढून करून दाखवला. मावशी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, “तुम्ही खाली या, आम्ही वर येतो.”

“अहो, असं कसं?” आई म्हणाली.

“कसं काय? आमच्या सूनबाईला वर्षभर एकच रट, खाली डास आहेत, वर हवा आहे. मला तिची रट नको झालीय. घरं सारखीच आहेत, सामान तेवढं हलवायचं.”

वसाहतीतली पोरे आली, आमची कपाटे खाली आणि त्यांची वर गेली. मूर्ती आईने स्वतः हातात धरून उतरवली, प्रत्येक पायरीवर थांबत. शस्त्रक्रिया झाली. सांगितल्याप्रमाणे ती सकाळ-संध्याकाळ चालू लागली, आधी माझ्या आधाराने, मग काठीने, मग काठी नुसती काखेत धरून.

आईला घर मिळाले, ती चालते, म्हणून गोष्ट गोड झाली असे कोणाला वाटत असेल तर त्याने माझे व्याख्यान त्या मुख्याध्यापकांसारखेच ऐकले आहे. मावशींचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या उपकाराचा नकाशावर काय अर्थ होतो, तोही मला विसरता येत नाही. उद्या कोणी या शहरात कोण कुठे राहते हे मोजायला निघाला, तर सातपूरच्या या वसाहतीत त्याला आमचे घर सापडेल, शेजारी आमच्यासारखीच घरे सापडतील, आणि गंगापूर रोडच्या त्या इमारतीत आमच्यातले कोणी सापडणार नाही. तो लिहील, की या लोकांना आपापल्यांत राहणे आवडते. त्याची मोजणी अगदी अचूक असेल. मी त्या दारापर्यंत गेले होते, आईने त्या कोनाड्यावरून हात फिरवला होता, हे कुठल्याच मोजणीत येत नाही. समुद्राखाली ढिगाऱ्यात राहणाऱ्या माशांवर मी शास्त्रीय भाषेत, थंडपणे लिहिले. आता मी त्या ढिगाऱ्यातून लिहिते आहे, आणि मला थंडपणे लिहिता येत नाही. यावे असेही मला वाटत नाही.

परवा महाविद्यालयात शाळकरी मुलांचे विज्ञान प्रदर्शन होते. परीक्षक म्हणून सर आले होते. गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत पोहोचले, तोच प्रेमळ चेहरा.

“आई कशा आहेत? शस्त्रक्रिया झाली ऐकलं.”

“चालते आता. आमच्याच इमारतीत खाली जागा मिळाली.”

“बघा,” ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर आनंद झाला होता, हे मला दिसत होते, “मी म्हणत नव्हतो? आपल्या माणसांत सोय झाली ती किती छान झाली. आईंना करमतंही तिथं.”

शेजारी मुलांनी काचेच्या पेटीत पाणी भरून, रंगवलेल्या थर्माकोलचा प्रवाळ खडक केला होता. एक मुलगी परीक्षकांची वाट पाहत उभी होती, समजावून सांगायला उत्सुक. मी तिच्याकडे पाहत विचारले, “सर, तुमचा फ्लॅट गेला का?”

“नाही हो. चांगलं माणूस मिळत नाही. रिकामाच आहे अजून.”

मी त्यांना त्या मुलीपुढे उभे केले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. तिथे एका गटाने द्राक्षाच्या वेलीवरच्या भुरी रोगाचे चित्र काढले होते. मी ते पाहिले, पण काय पाहिले ते आठवत नाही.

घरी पोहोचले तेव्हा आई दारातल्या पायरीवर उन्हात बोंबील पसरून, कावळ्यांसाठी काठी मांडीवर घेऊन बसली होती. मी भेट सांगितली. ‘आपल्या माणसांत’ या शब्दांवर तिने बोंबील उलटायचे थांबवले.

“आणि घर तसंच पडलंय?”

“तसंच.”

“कुलूप लावून?”

“कुलूप लावून.”

तिने एक बोंबील उलटला. “तुझ्या त्या माशांत असतं का गं असं? चांगली जागा, कोणी राहत नाही, पण कोणाला देतही नाही?”

मी आठवून पाहिले. कितीतरी खडकांवरून पोहत गेले आहे, फांद्या न् फांद्या तपासल्या आहेत, विजेरी लावून कपारी पाहिल्या आहेत. राखणदार नेला की त्याच्या जागी दुसरा येतो. मासा मेला की त्याचे बीळ ओस पडत नाही. राहण्याजोगी जागा केवळ तत्त्वाखातर रिकामी ठेवलेली मी कुठेही पाहिली नाही.

“नसतं,” मी म्हणाले.

“मग हे त्यांना सांगायचं होतंस,” आई म्हणाली, आणि काठी उचलून कावळ्याला हाकलले.